कलमांवर टांगलेलं ताईचं लग्न

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात एकही माणूस एक शब्दही बोललेला नाही. भटजी ओठ हलवतात, बँडवाले गाल फुगवतात, रुसलेले मामा हातवारे करतात, पण आवाज शून्य. हे सगळं मी केलं, आणि तेही महिनाभर अभ्यास करून!

झालं असं, की रत्नागिरीच्या दमट हवेत आमच्या कपाटातल्या डिस्कना बुरशी धरायला लागली. मुंजी, बारशी, सत्यनारायण मिळून सत्त्याऐंशी डिस्क! त्यातच ताईचं लग्न, आणि त्या लग्नात आईने घेतलेला उखाणा. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिचा आवाज जगात तेवढ्या एकाच ठिकाणी उरला होता. मी चंगच बांधला. सगळं घरच्या हार्ड डिस्कवर उतरवायचं!

"अण्णा, आईचा उखाणा तुम्हाला टीव्हीवर ऐकवतोच," असा मी वडिलांना शब्द दिला.

"आहे तसं उतरवा ना," बायको म्हणाली.

"जागा किती खाईल माहितेय? नवा फॉरमॅट घ्यायचा. अर्ध्या जागेत तेच चित्र!" (हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की दूधवालासुद्धा मान डोलवायला लागला.)

एमपीफोर की एमकेव्ही, जुनं कॉम्प्रेशन की नवं, यात एक दोनशे पानी वही संपली. मग चाचणी म्हणून मुलीच्या बारशाची डिस्क उतरवली. चित्र कसं लख्ख! फक्त सॉफ्टवेअरमधल्या सतराशे साठ चौकटींपैकी आवाजाची चौकट रिकामी राहिली होती. ते मला कळलं नाही, कारण बारशाचं शूटिंग मीच केलं होतं आणि तेव्हाही माईक चालू करायला विसरलो होतो! तीच सेटिंग ठेवून उरलेल्या शहाऐंशी उतरवल्या. प्रत्येक तपासलीसुद्धा. आवाज बंद ठेवून, कारण बायकोची मालिका चालू असायची.

"ह्या डिस्कांचं आता काय करायचं रे?" अण्णांनी विचारलं.

"टाकून द्या. आता त्यांचा काय उपयोग?"

"टाकायच्या कशाला? कलमांवर टांगतो. उन्हात चमकलं की वांदरं आंब्यांना हात लावत नाहीत."

"सगळ्या न्या!" मी म्हटलं, आणि सुतळीही मीच काढून दिली.

मे महिन्यात ताई अलोऱ्याहून माहेरपणाला आली. दुपारची जेवणं झाल्यावर सगळे टीव्हीपुढे बसलो. पडद्यावर आई उभी राहिली, पदर सावरला, हसली आणि तिचे ओठ हलायला लागले.

"आवाज वाढव की," ताई म्हणाली.

"वाढवलाय!"

"मग मुंज लावून बघ."

मुंज मुकी. गणपतीची आरती लावली, तर चाळीस माणसं तोंडं वासून टाळ्या वाजवतायत आणि घरात पंख्याचा आवाज! मला दरदरून घाम फुटला. अण्णा उठून बागेकडे चालायला लागले.

चोपन्नाव्या वर्षी मी कलमावर चढलो. लाल मुंग्यांनी माझं जंगी स्वागत केलं. खालून ऐंशी वर्षांचे अण्णा काठीने दाखवत होते.

"ती नव्हे, तिच्या वरची!"

"हा सत्यनारायण आहे, अण्णा!"

"मग पलीकडची बघ, मेल्या!"

बागेच्या दगडी गडग्यावर एक वांदर एका डिस्कमध्ये स्वतःचं तोंड न्याहाळत बसलं होतं. घाबरल्याचं काही लक्षण दिसेना. तासाभराने ताईचं लग्न हाती लागलं. उन्हाने त्याचा चंदेरी पापुद्रा पार सोलून निघाला होता, आणि त्यातून मला आरपार अण्णा दिसत होते. त्या क्षणी मला रडूच आलं.

"अण्णा, आईचा आवाज मी घालवला."

"उतर आधी. पडशील."

घरात आल्यावर अण्णांनी ताईला पुन्हा लग्न लावायला सांगितलं. आईचे ओठ हलायला लागले आणि खुर्चीतून अण्णा तिच्या ओठांबरहुकूम उखाणा म्हणायला लागले! एकही शब्द चुकला नाही. शेवटी स्वतःचंच नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ते असे लाजले, की ताई हसता हसता रडायला लागली.

"तुम्हाला पाठ कसा?" मी विचारलं.

"ताईच्या लग्नाआधी महिनाभर माझ्यासमोर घोकत होती. विसरीन कसा?"

मी घाईने फोन काढला. ताईने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"मी करते रेकॉर्ड. तू कशाला हात लावू नकोस!"

अण्णांनी उखाणा पुन्हा म्हटला. ते रेकॉर्डिंग उत्तम झालंय, आवाज अगदी खणखणीत. फक्त ऐन रंगात एक गाढव मध्येच विचारतं, "ताई, फॉरमॅट कुठला ठेवलायस?"

तो मी.