स्पीकरकडे पाठ न करणारा शिपाई

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. मोखाड्याच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी एक गाजलेला जुना रॉक अल्बम स्पीकरवर लावला. "साहेब, हा गोंगाट आवरा," म्हणत मंडळी डबे घेऊन उठली. वावर गावचा शिपाई मात्र शेवटपर्यंत ऐकत बसला. तो गावच्या नाचात तारपा, ते भोपळ्याचं फुंकवाद्य, वाजवायचा. उठला, तेव्हा स्पीकरकडे तोंड ठेवून मागे मागे सरकत दारापर्यंत गेला.

"स्पीकरला मुजरा करतोस काय रे?" मी ओरडलो. बाहेर डबे खात बसलेले सगळे हसले.

"वाजवणाऱ्याला पाठ नाय दाखवत, साहेब."

पुढे कचेरीच्या कार्यक्रमात त्याने तारपा वाजवला. मी त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढत होतो. फोनच्या पडद्यावर मागे तो दिसला, माझ्याकडेच बघत वाजवणारा. मला वळायचंही धैर्य झालं नाही.