दादाच्या नावेतला दगड

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी झरीच्या शाळेत भागाकार शिकवत होतो. निरोप्या दाराशी उभा राहून "गुरुजी, जरा भाईर या" एवढंच म्हणाला, आणि मला कळलं. तरी फळ्यावरचं गणित मी पुरं केलं, मगच निघालो. का पुरं केलं ते अजून सांगता येत नाही. दोन एस्ट्या बदलून, शेवटचा पल्ला पायी तुडवून घरी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून अंगात जो शीण भरलाय तो महिना उलटला तरी उतरत नाही. लोक भेटायला येतात, माझ्या या थोरल्या भावाबद्दल चांगलं बोलतात, मी मान डोलावतो. त्याच्या नावेतल्या दगडाबद्दल मात्र सगळे मुद्दाम गप्प राहतात, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

आमचं गाव ढाणकीच्या पुढे, पैनगंगेच्या काठी. गावाची नाव होती, पण तीत आमच्या वस्तीचा नंबर शेवटी लागायचा; पलीकडे पोचावं तर बाजार उठलेला. छप्पन साली वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती दादाच्या पुढाकाराने. घरोघरचे देव नदीत सोडायलाही तोच पुढे होता. आमच्या परसात ओट्यावर मायची मरीमाय होती, शेंदूर फासलेला चांगला जड दगड. मायने तो स्वतःच्या हाताने जागेवरून हलवून दिला. पण त्यानंतर कितीतरी दिवस ती त्या रिकाम्या ओट्याकडे पाय करून झोपली नाही. दादाने ते पाहिलं होतं.

पुढे त्याने वस्तीसाठी नाव बांधली. सुतारकाम त्याच्या हातात होतं, नाव बांधणं नव्हतं. पहिल्या दिवशी तर नदी बाहेर कमी आणि नावेतच जास्त होती. आम्ही पोट धरून हसलो, तो मात्र फटीत चिंध्या कोंबत बसला. छोटंसं शीडही लावलं, पोत्यांचं, मायने शिवलेलं. अडचण आली ती लंगराची, म्हणजे नाव जागेवर धरून ठेवायच्या नांगराची. आमच्या काठाला ना झाड, ना खुंटा टिकेल अशी जमीन, नुसती घसरडी काळी माती. वारा सुटला की नाव निघालीच. दादाने लोहाराकडून चार नख्यांचा लोखंडी लंगर करून आणला. तो धरायचा मोठा घट्ट... इतका की तळाच्या खडकात अडकला तो निघेच ना, आणि दोर कापावा लागला. दुसराही तसाच गेला. आपल्या नदीला दगडच पाहिजे, दोराला खाच असलेला, जड आणि गुळगुळीत, असं तो म्हणायला लागला. उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा तसा एक सापडला. कमरेत खाच होती, आणि खाचेत थोडा शेंदूर.

मायने पाहताक्षणी ओळखला. मी तिथेच होतो.

"हे काय आणलं रे?"

"दगड हाये, माय."

"दगड तं दगड. पण कोणाचा पाय नोको लागू देऊ त्याले."

दादाने वाद घातला नाही. लंगर नावेत कुठे ठेवायचा हे त्याला नेमकं ठाऊक होतं: मधोमध, तळाशी. पण मधोमध माणसं बसतात, तिथे पाय येणारच. म्हणून त्याने तो नावेच्या नाकात, टोकाच्या फळीखाली नेला, घसरू नये म्हणून दोन बाजूंनी दोराने आवळला, वर पोतं टाकलं. वजन पुढे गेलं. शीड भरलं की नाव नाक पाण्यात खुपसायची आणि पुढे बसलेल्याचं धोतर भिजायचं. हा वेडेपणा मला सहन होत नसे. एकदा म्हणालोही, "मायले समजावून सांग ना." तो म्हणाला, "देव दिला तिनं. आनखी किती मागू?"

वस्तीला यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की आमचे देव सोडायला लावणारा माणूस स्वतःची मरीमाय नावेच्या पुढे बसवून फिरतो. आधी थट्टा झाली, मग कुजबुज. रविवारच्या वंदनेला तोच पुढे उभा राहायचा. हळूहळू त्याला बोलावणं बंद झालं. तो मागे भिंतीला टेकून बसू लागला. खरं कारण सांगितलं असतं तर मिटलं असतं, पण मग मायकडे बोट गेलं असतं. ज्यांच्यासाठी नाव बांधली त्यांच्यातच तो शेवटपर्यंत असा मागे बसला. मला या गोष्टीचा अजून राग येतो, पण राग करायलाही आता त्राण लागतं.

परवा मायला नदीपलीकडे माझ्या बहिणीकडे पोचवायचं होतं; मेहुणा न्यायला आला होता. निरोपाला सगळी वस्ती काठावर आली. मी हात दिला, माय नावेत चढली, पण बसेना. नाकातल्या पोत्याकडे बोट करून म्हणाली, "तो मधात घे."

"राहू दे ना, माय."

"घे म्हणते ना."

मी आणि मेहुण्याने दगड सोडवून मधे तळाशी आणला. माय फळीवर बसली, लुगडं सावरलं, आणि भेगाळलेली दोन्ही पावलं त्या दगडावर ठेवली. मग काठाकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माह्यासाठी ठेवलता त्यानं तिथं. त्याच्या मनात काई नोव्हतं. दगडच हाये हा."

मी शीड सोडलं. नाव नाक वर धरून सरळ निघाली, दादाला कधी चालवता आली नाही तशी. पलीकडचा काठ लागेपर्यंत मायने पावलं त्या दगडावरून उचलली नाहीत.