टेबलाचा ढाळ

आमचे चॅम्पियन भाऊजी जेवायला बसले की आधी हनुवटी टेबलाला टेकवायचे. समोर अख्खी लिंबं दिसली तर संपलंच. ताटातली भाकरी निवतेय आणि हे दोन लिंबांची रेघ जुळवतायत. "अहो, ती खायची असतात!" मी ओरडायचे. "वहिनी, याले बाजूनं जरासं चाटून मारलं तं सरळ मिठाच्या डबीत जाते," असं वर मलाच ऐकवायचे. हे माझे धाकटे दीर. तरुणपणी राज्य पातळीवर स्नूकर जिंकले, तेव्हा आमच्या बोरगाव मेघेतल्या गल्लीनं त्यांना चॅम्पियन केलं. आधी कौतुकानं, मग चिडवायला, मग सवयीनं.

काय करता, असं कोणी विचारलं की ते सांगायचे, "क्वालिफाय करून राह्यलो." एकदा मुलगी बघायला गेलो तिथंही हेच. मुलीच्या वडिलांना वाटलं, काही सरकारी परीक्षा असेल. "मग पोस्टिंग कुठं मिळते?" त्यांनी विचारलं. भाऊजी प्रामाणिकपणे म्हणाले, "मिळालं तं इंग्लंड, चीन. नाई मिळालं तं हाओच इथं." चहा अर्धाच राहिला आमचा. परतताना मी त्यांना गाडीत इतकं बोलले, इतकं बोलले, की ड्रायव्हरच म्हणाला, जाऊ द्या ताई.

पण त्यांचं खोटं काही नव्हतं. व्यावसायिक खेळाडूंच्या टूरमध्ये असंच शिरता येत नाही. आधी पात्रता फेऱ्या. लागोपाठ सामने, एक हरला की बॅग भरायची. शेवटपर्यंत टिकतील त्या मोजक्यांना दोन वर्षांचं कार्ड मिळतं. मग मोठ्या नावांशी खेळायचं, टीव्हीवर दिसायचं. आपल्या आशियातल्या लोकांसाठी या फेऱ्या बँकॉकला होतात. भाऊजी चाळिशीला आले होते. चष्मा लागला होता. माझे मिस्टर तिकिटाचं बघायचे आणि दर खेपेला म्हणायचे, "हे शेवटचं हं, बाबू."

पहिल्या खेपेला गेले आणि पहिल्याच दिवशी हरले. घरी आले ते वेड्यासारखे. "वहिनी, तिथं टेबल सपाट आहे!" मला कळेना, यात रडण्यासारखं काय? मग त्यांनी सांगितलं. सिंदी मेघेच्या ज्या स्नूकरच्या हॉलमध्ये त्यांची हयात गेली, तिथली जमीन आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यासोबत फरशी हलते आणि दगडाचं ते वजनदार टेबल संडासाकडच्या कोपऱ्यात कलतं. तिथले सगळे जण तो ढाळ धरूनच नेम घेतात. भाऊजींच्या हातात तर तो रक्तासारखा मुरला होता. बँकॉकच्या चोख टेबलावर त्या कोपऱ्यातला प्रत्येक बॉल हातभर अंतरावर, सोपा असूनही बाहेर राहिला.

मग सुरू झालं ते भलतंच वेड. गवंड्याची पाणसळ घेऊन हॉलमध्ये जायचं, टेबलाच्या पायांखाली पत्र्याचे तुकडे सारायचे, रेघ बरोबर आली की खेळायचं. पंधरवड्यानं माती पुन्हा हलायची. हॉलचा मालक वैतागला, "काऊन बे, आमच्या गिऱ्हाइकायचा खेळ बिघडवून राह्यला तू?" सपाट टेबलावर बाकीच्यांचेही नेम चुकायला लागले होते ना! सासूबाईंनी गिरडला दर्ग्यावर जाऊन नवस बोलायचं ठरवलं. निघताना भाऊजी म्हणाले, "आई, जिंकू दे असं नको मागजो. माहा हात सरळ होऊ दे, एवढंच माग." म्हातारीनं तेच मागितलं. मलाही हसू आलं नाही.

यंदा ते पुन्हा गेले. "या खेपेला नाई झालं तं क्यूची काठी ठेवून देईन," असं निघताना देवघरासमोर बोलले. आणि काय सांगू, एकेक सामना जिंकत गेले! आम्ही सासू-सुना भर दुपारी मोबाईलवर नुसते आकडे बघत बसायचो. शेवटचा सामना, त्यातली शेवटची फ्रेम म्हणजे शेवटचा डाव, टेबलावर फक्त काळा बॉल. जो पाडेल त्याला कार्ड. सासूबाईंनी माझं मनगट आवळून धरलं होतं. किती तरी वेळ आकडा हलेना. मग हलला, तो समोरच्याच्या नावापुढे.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सोपा होता वहिनी, लेकरू पाडेल असा. आठवडाभर हात सरळ चालला. त्या एका वक्ताले भेव वाटलं न् हातानं आपल्या मनानं ढाळ धरला." जेवलात का, एवढंच विचारलं.

घरी आले, आंघोळ केली, आणि माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "वहिनी, दादाले म्हणा, हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमधल्या त्या नोकरीचं पाहा. मी जातो." अरे देवा! हे ऐकायला मी वर्षानुवर्षं तोंड वाजवलं होतं. ती जागासुद्धा मीच शोधली होती. आणि आता मीच भडकले, "काही जायचं नाही! पुढच्या वर्षी पुन्हा बँकॉक! मी बघते तिकिटाचं!" ते शांतपणे म्हणाले, "नाई वहिनी. हात आता माह्यं ऐकत नाई." मी स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले.

आता ते रोज हिंगणघाटला जातात. डबा मीच भरते. पहिला पगार झाला तेव्हा पेढे घेऊन आले. शेजारीपाजारी येऊन म्हणाले, लागला बुवा एकदाचा मार्गाला! सासूबाईंनी दृष्ट काढली. भाऊजींनी वाकून नमस्कार केला आणि एक पेढा माझ्या हातावर ठेवला. तो मी न खाता तसाच परत पुड्यात ठेवला.