राजांच्या शुद्धीचा दाखला

हे मी कुणालाही सांगितलेले नाही. आईला नाही, ज्याच्याशी लग्न ठरले आहे त्यालाही नाही. आज का सांगते आहे, ते मला नीट मांडता येत नाही — आणि एरवी नीट मांडणे हीच माझी ख्याती.

मी डॉक्टर आहे. सक्तीची ग्रामीण सेवा मी मारेगावच्या बाजूच्या एका गावात केली. तिथे अजून एक राजा होता. हसू नका — राज्य केव्हाच गेले होते. पण गादी होती, देवस्थानाची वहिवाट होती, जमीन होती. म्हातारे राजे माझे रुग्ण. विस्मरणाचा आजार; काही दिवस लख्ख, काही दिवस अंधार. दर भेटीत मी त्यांची स्मृतिचाचणी घेत असे आणि गुण तारखेनिशी लिहून ठेवत असे.

अपत्ये दोन. थोरल्या सुभद्राबाई विधवा होऊन माहेरी आलेल्या; बापाचे न्हाणे-खाणे, गादीचे सगळे व्यवहार त्याच पाहत. धाकटे भाऊराजे यवतमाळला राहत. त्यांची मोठ्या लोकांत ऊठबस. माझी यवतमाळला बदली व्हावी म्हणून शब्द टाकतो, असे ते मला म्हणाले होते. मला पुढच्या शिक्षणाची प्रवेशपरीक्षा द्यायची होती, आणि त्या गावात अभ्यास होत नव्हता. त्यांनी अट घातली नाही. घालावी लागली नाही.

त्या घराण्यात वारस नेमण्याची रीत वेगळी. दसऱ्याला राजा सर्वांदेखत ज्याच्या हाती विडा ठेवतो, तो पुढचा. त्या वर्षी राजांनी विडा सुभद्राबाईंच्या हाती ठेवला. "घे माय. आता तुलेच पाहा लागते सारं."

भाऊराजे हसत माझ्याकडे वळले. "डॉक्टर मॅडम, तुमीच सांगा न जी. बाबाले समजून राह्यलं काय हे?"

मागून कुणीतरी ओरडले, "राजाले नाई समजत, त मंग तुले समजते काय बे!" लोक हसले. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले.

त्याच सकाळी मी राजांना तपासले होते. त्यांनी वार सांगितला, तिथी सांगितली, माझ्या गावाचे नाव सांगितले, वर माझा स्टेथोस्कोप थंड आहे म्हणून मला रागावलेही. इतके स्वच्छ ते कित्येक आठवड्यांत नव्हते.

"त्यांना कळत नाही," मी म्हणाले. मोठ्याने. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असे.

भाऊराजांनी बहिणीच्या हातातून विडा काढून घेतला. राजे माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना कळत होते — माझे वाक्यसुद्धा.

एवढेच असते तर? पण एवढेच नाही. तीन आठवड्यांनी, सुभद्राबाई घरी नसताना, मृत्युपत्र झाले. सर्व काही भाऊराजांना. त्या दिवशी राजे मला त्यांच्या मृत राणीच्या नावाने हाक मारत होते, घोडे पाण्यावर नेले का, असे विचारत होते. भाऊराजांनी त्यांचा हात धरून सही करवली. आणि मी खाली लिहिले: रुग्ण पूर्ण शुद्धीत असून आशय समजून सही करीत आहे. म्हणजे पाहा — ज्या दिवशी ते शुद्धीत होते, त्या दिवशी मी त्यांना भ्रमिष्ट ठरवले. आणि भ्रमात होते, त्या दिवशी शहाणे. दोन निदाने, दोन्ही उलटी. याला चूक म्हणता येईल का? चूक एकदा होते.

राजे हिवाळ्यात गेले. तेरावे झाल्यावर सुभद्राबाई दवाखान्यात आल्या. वकिलाकडे जाण्याआधी, मुद्दाम माझ्याकडे. "कागद झाला तवा बाबाले समजत होतं काय? तुमी सांगान तेच मी मानीन."

चाचणीचे कागद टेबलाच्या खणात होते. माझ्या गुडघ्यापासून वीतभर दूर.

"हो," मी म्हणाले. "या आजारात असे चढउतार होतात." शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष वाक्य. मी त्याची तयारी केली होती.

त्या उठल्या. "मंग राहू द्या. शुद्धीत लिवलं त्यायनं, त कोर्टात काय सांगू मी? त्यायच्या मनातच नोती मी."

दावा झाला नाही. माझी यवतमाळला बदली झाली. सुभद्राबाई येऊन गेल्या त्याच संध्याकाळी ते चाचणीचे कागद मी स्वतः फाडले — तुकडे किती लहान केले, तेही मला आठवते.

सुभद्राबाई आता आर्णीला नणंदेकडे असतात. मी अजून यवतमाळलाच आहे; इथून तिथे सतत एसटी असते. दवाखान्यातल्या जुन्या सिस्टरने मागे फोनवर सांगितले की पितृपक्षात त्या आईचे पान वाढतात, नवऱ्याचे वाढतात, पण बापाचे वाढत नाहीत. ज्या बापाने सर्वांदेखत आपला विडा त्यांच्या हाती ठेवला, तो त्या दिवशी शुद्धीत होता, हे जगात मला एकटीला ठाऊक आहे. मी आर्णीला गेलेले नाही.