वेल जिथे जुळत नाही

सेतू भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मी कॉफीचा फिल्टर धुवत होते. तिरुविडैमरुदूरहून त्यांच्या बायकोने, कमलानेच केला होता. "वैनी, पहाटे गेले," एवढंच म्हणाली. मी खुर्चीत बसले. मुलांनो, त्या क्षणी माझ्या मनात जे पहिलं आलं ते दुःख नव्हतं. आता त्यांना सांगावं लागणार नाही... असं वाटून सुटल्यासारखं झालं. मग त्या सुटकेचीच लाज वाटली. पाच आठवडे झाले, ती लाज काही कमी होत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

सेतुमाधवराव तुमच्या आजोबांचे चुलत भाऊ. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत दोनदा नापास झाले आणि कारैकुडीला जुन्या वस्तूंच्या दुकानात कामाला लागले ते तीस वर्षं तिथेच राहिले. तिकडच्या व्यापाऱ्यांनी एकेकाळी रंगूनहून, पिनांगहून गलबतं भरून चिनी मातीची भांडी आणली होती. पुढे ती मोठी घरं रिकामी होऊ लागली आणि सगळं दुकानात येऊ लागलं. सेतू भाऊजी हातानेच शिकले. फुलदाणी उचलण्याआधी अंगठी आणि घड्याळ काढून खिशात टाकायचे. मग ती आडवी मांडीवर घ्यायची, डोळे मिटायचे आणि बुडाच्या कडेवरून, जिथे झिलई नसते तिथून, अंगठा फिरवायचा. "आधी पाय बघावेत, तोंड सगळ्यांचंच रंगवलेलं असतं," म्हणायचे. गावी परतल्यावर आपल्या लोकांची घरं त्यांना बोलावत. हे घरात वापरा, हे जपून ठेवा, असं ते सांगत आणि लोक ऐकत. इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलेली. हा फरक माझ्या मनात कायम असायचा, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

आपल्या दिवाणखान्यातली निळ्या वेलीची फुलदाणी तुम्हाला माहीत आहे. तंजावरच्या मराठा राजांच्या पदरी असलेल्या आमच्यासारख्या घरांत एक खोड आहे: घरातली बरी वस्तू दिसली की ती दरबारातूनच आलेली असते. या फुलदाणीचंही तसंच. मला सासूबाईंनी सांगितलं, मी पुढे सांगत राहिले. शिवाय तिच्या बुडाशी सहा चिनी अक्षरं आहेत. ती मी एका इंग्रजी पुस्तकाशी ताडून पाहिली, तर चीनच्या एका बादशहाचं नाव निघालं आणि काळही आपल्या राजांच्याच वेळचा. मी सुबक चिठ्ठी टाईप करून आत ठेवली. नवरात्रात बाहुल्यांचा कोलू मांडला की तिला दरवर्षी खालच्या पायरीवर मधोमध जागा.

नऊ वर्षांपूर्वी कोलू बघायला कमलाखेरीज अकरा जणी आल्या होत्या. सगळ्या आपल्यातल्याच. कमलाला सोडायला आलेले सेतू भाऊजी दारातच उभे होते. मी त्यांना आत बोलावलं. खरं तर मिरवायलाच.

"सांगा की भाऊजी यांना, किती जुनी ही?"

"राहू द्या वैनी. हरभऱ्याचं सुंडल छान झालंय."

"असं कसं? तुम्ही यातले जाणकार."

त्यांनी अंगठी काढली, घड्याळ काढलं, फुलदाणी मांडीवर घेतली. बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "चांगली आहे. पण दरबारची नाही. जपानी आहे, शंभर-सव्वाशे वर्षांची. नक्षी हाताने काढलेली नाही, छापलेली आहे. रंगवलेले कागद चिकटवायचे, रंग उतरला की कागद काढून टाकायचे, मग झिलई चढवून भाजायचं. मागून बघा, कागद संपतो तिथे वेल वेलीला जुळत नाही."

"आणि बुडाचं नाव?"

"जुन्या बादशहांची नावं तिकडचे कारागीर सर्रास घालायचे, वैनी."

कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. मी म्हटलं, "कुठल्या कॉलेजात शिकलात हे? का स्वस्तात उचलून दुकानात न्यायचा बेत आहे?"

त्यांनी फुलदाणी पायरीवर ठेवली, अंगठी बोटात घातली आणि कमलाला म्हणाले, "चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती अंगणात उन्हात नेली. चष्मा पुसला आणि बोट फिरवत गेले. मागच्या बाजूला, धरायच्या कानाच्या खाली, एक पान अर्धंच होतं. त्याच्या शेजारून, गव्हाभर वर, दुसरी वेल सुरू होत होती. एका पक्ष्याला चोच नव्हती. इतक्या वर्षांत मी ती बाजू कधी पाहिलीच नव्हती... मी फुलदाणी आत आणली, ती बाजू भिंतीकडे करून ठेवली आणि कुणाला काही बोलले नाही.

माझं वाक्य मात्र घरोघरी फिरलं. सेतूला वस्तू दाखवू नये, भाव पाडून सांगतो. लोकांनी त्यांना बोलावणं बंद केलं. मला हे कळत होतं. अनघा, तू शाळेत या फुलदाणीचा फोटो दाखवून आपल्या घराण्यावर बोललीस, तेव्हाही मी तुला 'शाबास' म्हणून कळवलं.

शेवटची भेट दोन वर्षांपूर्वी, तिरुभुवनम्‌च्या एका लग्नात. मला बघून त्यांनी आपली खुर्ची दिली. "वैनी, कोलूत ठेवताना तिच्यात थोडी वाळू घाला. उंच आहे, कलंडेल." मी "बरं" म्हटलं. पुढचं वाक्य तोंडात होतं... इतक्यात कुणीतरी त्यांना पंगतीला बोलावलं. मी घरी येऊन वाळू घातली.

तेराव्याला मी कमलाकडे गेले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत पारखायच्या वस्तू ठेवायची जाड गोधडी अजून पसरलेली होती. सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं, वैनी. त्याच दिवशी म्हणाले, वैनी शिस्तीच्या आहेत, उद्या उन्हात बघतील, फोन करतील. दुसऱ्या दिवशी फोन जवळ घेऊन इथेच बसून होते."

मग तीच पुढे म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांच्यासमोर बोललात त्यांना सांगा."

घरी आल्यावर मी त्या अकरा जणींची नावं कागदावर लिहिली आणि एकेकीला फोन लावू लागले. पहिलीच म्हणाली, "अगंबाई, म्हणजे सेतू खरंच बोलत होता?"

"हो."

"आणि तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून."

मग ती म्हणाली, "माझ्या सासऱ्यांचा हुक्का त्याला दाखवायचा राहून गेला गं."

असे सात फोन झाले. उरलेल्या चार नावांपुढे फोन नंबर नाहीत. त्या चौघी या नऊ वर्षांत एकेक करून गेल्या, सेतू भाऊजी लबाड होते असं मनात धरून.