दिनकरसाठी नारळ

आज कपाट आवरताना एका जुन्या कादंबरीतून अबोलीचं वाळलेलं फूल पडलं आणि मी थेट इब्रामपूरच्या आमच्या पडवीत पोचले.

काकी कोकमं फोडत बसायची आणि मी तिला ही कादंबरी वाचून दाखवायची. पुण्यातल्या एका कुटुंबाची वाताहत होती ती. थोरला मुलगा गेला, सुनेला वेड लागलं. मग धाकटा दिनकर तापाने फणफणला, तशी काकी उठली, लाल झालेले हात धुतले आणि नारळ घेऊन देवळात गेली. गुरवाकडून दिनकरसाठी गाऱ्हाणं घालून घेतलं. परत येऊन प्रसादाचं फूल त्या पानात ठेवलं आणि म्हणाली, "आता वाच."

दोनच पानांत दिनकर गेला.

"काकी, देवान ऐकूक ना," मी म्हटलं.

काकीने पदराने डोळे पुसले. "देवाक नावां ठेवू नको. तेची सत्ता गावच्या शिवेपर्यंत. ती माणसां पुण्याची."

पुढे या कादंबरीवर विद्वानांचे पुष्कळ लेख वाचले. त्यांतल्या एकानेही दिनकरसाठी नारळ फोडला नव्हता.

फूल उचलून मी परत त्याच पानात ठेवलं. तिथे दिनकरला अजून नुसता ताप आहे.