ग्रीक बाईचे जोडलेले हात

श्री. मधुकर चेऊलकर यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या ग्रंथात असे लिहिणे बरे दिसेल का, असे संपादक मंडळाने मला विचारले. झाले ते तसेच झाले, तेव्हा मी तसेच लिहिणार.

पंचवीस वर्षांपूर्वी दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका वर्कशॉपमध्ये मी प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर म्हणून रुजू झाले. संग्रहालये, प्रदर्शने आणि शाळा यांच्यासाठी प्राचीन व मध्ययुगीन युरोपातल्या वस्तूंच्या प्रतिकृती तिथे तयार होत. रोमन रांजण, ग्रीक शिल्पपट, जुन्या चर्चमधले दगडी संत, सगळे एकाच पत्र्याच्या छपराखाली. माल बाहेर पडण्याआधी त्यावर माझी सही लागे. पहिल्याच आठवड्यात एक रोमन रांजण माझ्यासमोर आला आणि त्याच्या पोटावर तीन ठिकाणी रंग फिकट दिसला. मी तो नापास केला आणि करणाऱ्याला बोलावणे पाठवले. मनगटापर्यंत प्लास्टरने पांढरे झालेले एक सडपातळ गृहस्थ आले.

"ही ठिगळं कसली?" मी विचारले.

"मॅडम, सहा फूट मागं जा."

मला कोणी मागे जा म्हटलेले आवडत नाही. तरी गेले. ठिगळे दिसेनाशी झाली.

"आता सहा इंचांवर या."

ठिगळे पुन्हा दिसू लागली.

"मूळ रांजण तिथं फुटलेला आहे. तेवढं आम्ही अंदाजानं भरलंय. लांबून डोळ्याला खुपू नये, पण जवळ येणाऱ्याला कळावं, की एवढं आमचं आहे, त्यांचं नाही."

मी सही केली. त्यानंतर चौदा वर्षे आम्ही एकत्र काम केले आणि चेऊलकरांना जवळजवळ रोज मी काही ना काही बोलत राहिले. त्यांनी ते मनाला लावून घेतले नाही, हा त्यांचा पहिला मोठेपणा.

चेऊलकर मूळचे चौलचे. मुंबईत शिल्पकला शिकले, काही वर्षे गणपतीच्या कारखान्यात हात चालवला आणि मग दुबईला आले. ग्रीस किंवा रोमला ते आजवर गेलेले नाहीत. त्यांनी जे मिळवले ते पुस्तकांतून आणि बोटांतून. एखाद्या मूर्तीच्या वस्त्राची चुणी चुकली तर ती का चुकली हे ते सांगत, आणि चुणी घालणाऱ्या मुलाला रागावत नसत. रागवायचे काम माझ्याकडे होते.

आता ती गोष्ट सांगते. आपल्या मराठी मंडळातल्या पुष्कळांनी ती अर्धवट ऐकली आहे.

साधारण एकवीस वर्षांपूर्वी, शाळकरी मुलांसाठी भरणाऱ्या एका मोठ्या ग्रीक प्रदर्शनाचे काम आमच्याकडे आले. त्यात एक शिल्पपट होता. एक कुटुंब वेदीपाशी आले आहे, बाप पुढे, मागे मुले, एक मेंढी आणि सर्वांत शेवटी आई. मूळ शिल्पात त्या आईचे हात मनगटापासून तुटलेले आहेत. ग्राहकाने कळवले होते की पट अखंड हवा आणि ठिगळे अजिबात नकोत. चेऊलकरांनी नाइलाजाने ते मान्य केले आणि बाईला हात दिले. सुरेख हात झाले. आमचे जनरल मॅनेजर तर जाता-येता त्या पटासमोर थांबत.

उद्घाटन बुधवारी होते. त्याआधीच्या शनिवारी सकाळी साडेसातला चेऊलकर माझ्या केबिनमध्ये येऊन उभे राहिले.

"मॅडम, ती बाई नमस्कार करतेय."

"मग?"

"ग्रीक माणसं असा नमस्कार करत नव्हती."

त्यांनी मागवलेले एक पुस्तक उशिरा येऊन पोचले होते. शुक्रवारची सुट्टी त्यांनी ते चाळण्यात घालवली होती. त्यात तशाच पटांची दहा-बारा छायाचित्रे होती. कुठेही जोडलेले हात नाहीत. देवासमोर उजवा हात वर, तळवा पुढे. हात घडवताना चेऊलकरांच्या मनात दुसरे काही आलेच नव्हते. देवापुढे बाई उभी आहे म्हणजे तिचे हात जोडलेले असणार, हे त्यांनी गृहीत धरले. प्रामाणिकपणे सांगते, सही करताना मीही तेच गृहीत धरले होते.

"कोणाला कळणार आहे?" मी म्हणाले.

"कोणालाच नाही. रंगसुद्धा एकजीव केलाय. तोच तर त्रास आहे. मुलं येतील, बघतील आणि हेच खरं समजून घरी जातील."

तेवढ्यात मॅनेजर आत आले. त्यांनी ऐकून घेतले आणि हात झटकले. "हबीबी, क्लायंटने पास किया. खलास! अब हाथ नहीं लगाने का."

मॅनेजर गेल्यावर चेऊलकरांनी खिशातून घडी घातलेला अर्धा कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. ग्राहकाच्या नावे पत्र होते. चूक माझी आहे, कंपनीची नाही, एक दिवस द्या, दुरुस्त करतो, एवढेच.

"चेऊलकर, तुमच्या व्हिसाच्या रिन्यूअलचे कागद याच टेबलावर आहेत," मी म्हणाले. "तुमची मंजिरी बारावीला आहे. मॅनेजरनी सही केली नाही तर परीक्षेआधी तिला घेऊन परत जावं लागेल. कळतंय का?"

"कळतंय. घरी बोललोय मी."

"मग?"

"तुम्ही पत्र पाठवा."

मी ते पाठवले नाही. ड्रॉवरमध्ये ठेवले. त्यांच्या भल्यासाठी, असे मी स्वतःला सांगितले. खरे म्हणजे मॅनेजरशी वाकडे घ्यायची माझीही तयारी नव्हती. रविवारी सकाळी ते पुन्हा आले.

"गेलं का पत्र?"

"नाही."

ते चिडले असते तर मला सोपे गेले असते. ते म्हणाले, "ठीक आहे. मी स्वतः जाऊन सांगतो. तुमचं नाव येणार नाही, काळजी करू नका."

त्या एका वाक्याने मला जेवढी शरम वाटली तेवढी नोकरीत कधी वाटली नाही. मी पत्र बाहेर काढले, खाली माझी सही केली आणि पाठवून दिले.

सोमवारी ग्राहकाच्या तज्ज्ञ बाई आल्या. वयस्क ग्रीक बाई होत्या. खुर्ची मागवून पटासमोर बसल्या, चष्मा बदलला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मॅनेजर मागे येरझाऱ्या घालत होते. मग बाईंनी इंग्रजीत विचारले, "हे हात कोणाचे आहेत?"

"माझ्या आईचे," चेऊलकर म्हणाले.

बाई थोड्या हसल्या. "हात सुंदर आहेत. काढून टाका. दुसरे बसवू नका, तुटलेलंच राहू द्या."

चेऊलकरांनी बारीक करवतीने ते हात कापले. बुधवारी पट उभा राहिला तो तुटक्या मनगटांनिशी, शेजारी चार ओळींची पाटी लावून. बक्षीस कोणी दिले नाही. मॅनेजरनी दोन आठवडे रिन्यूअल अडकवून ठेवले आणि शेवटी तीन वर्षांऐवजी एकाच वर्षाचा करार केला. ते दोन आठवडे चेऊलकर रोज वेळेवर आले, डबा खाल्ला, काम केले. मंजिरीने परीक्षा दिली आणि चांगली दिली.

उद्घाटनानंतरच्या शुक्रवारी चेऊलकर माझ्याकडे कंपनीची बस मागायला आले. ज्या सुतारांनी आणि प्लास्टरवाल्यांनी ते प्रदर्शन उभे केले त्यांच्यापैकी एकानेही ते पाहिले नव्हते. लेबर कॅम्पमधून बावीस जण बसमध्ये बसले. मीही गेले. पटासमोर आल्यावर आमचे म्हातारे सुतार मोठ्याने म्हणाले, "अरे उस्ताद, बाई के हाथ कहाँ गए?"

"वो उसके नहीं थे, चाचा. मेरी माँ के थे."

"तो वापस कर दिए?"

"कर दिए."

सगळे हसले. उस्तादही हसले. मी पहारेकऱ्याशी बोलत असल्यासारखे दाखवले.

निवृत्तीनंतर चेऊलकर दुबईतच अल कुसैसला मंजिरीकडे राहतात. आता तिने त्यांचा व्हिसा काढला आहे. दर शनिवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये आपल्या मंडळाची मुले जमतात आणि ट्रॉयच्या लढाईपासून मध्ययुगातल्या किल्ल्यांपर्यंत काय वाटेल ते विचारतात. ते मराठीत सांगतात, मुले इंग्रजीत उत्तर देतात, दोघांचेही अडत नाही. मागे उम्म अल कुवैन या अमिरातीतल्या सहलीत किनाऱ्यालगतच्या जुन्या वस्तीबद्दल ते सांगत होते, की इथे रोमन काचेचे तुकडे सापडले, आणि त्या काळी जहाजे आमच्या चौललाही लागत. एका मुलीने विचारले की तेच जहाज दोन्हीकडे गेले असेल का.

"माहीत नाही," चेऊलकर म्हणाले.

"सो अंकल, यू डोन्ट नो?"

"आय डोन्ट नो. लिहून घे. कुठपर्यंत माहीत आहे तेही लिही, आणि कुठून पुढे माहीत नाही तेही."

मुलीने खरेच लिहून घेतले. मी तिची वही पाहिली. तपासायची सवय जात नाही.

या लेखातही मी त्यांचाच नियम पाळला आहे. त्यांच्या बालपणाबद्दल मला फारसे ठाऊक नाही, म्हणून ती जागा रिकामी सोडली आहे. ते कधी खचले का, हेही मला माहीत नाही. सौ. चेऊलकरांना माहीत असेल. त्या सांगणार नाहीत.

कापलेले हात चेऊलकरांनी त्या दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवले होते. "भंगारात नका टाकू, मॅडम," एवढेच म्हणाले. मी त्यांच्याखाली कागद दाबून ठेवत असे. वर्कशॉप सोडताना ते मी घरी आणले आणि आज ते माझ्या पुस्तकांच्या फळीवर आहेत. डाव्या करंगळीचा टवका उडाला आहे, तो मी भरलेला नाही.

समारंभात शाल-श्रीफळ मंडळाचे अध्यक्ष देतील. मी ते हात घेऊन येणार आहे. चेऊलकर आधी सहा इंचांवरून पाहतील आणि अंगठा जरा जाड झाला होता असे म्हणतील, याची मला खात्री आहे. त्यांची ही नजर, हा हात आणि ही खोड पुढची पुष्कळ वर्षे अशीच शाबूत राहो, प्रकृती ठणठणीत राहो, आणि शनिवारच्या मुलांची मुलेही त्यांच्या हॉलमध्ये बसून त्यांना प्रश्न विचारोत.

ते हात त्या ग्रीक बाईचे नव्हते. चेऊलकरांसमोर जोडलेले मात्र ते बरोबर बसतात. सहा फुटांवरूनही आणि सहा इंचांवरूनही.